टॅक्स वाढवून पोरं सिगरेट सोडत नाहीत म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या इंदूरच्या रामबागेच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला, की सिगरेटवर कितीही टॅक्स लावा, पोरांना काही फरक पडत नाही, व्यसनी माणूस पैसे कुठूनही आणतो, पोरं बीडीवर जातात अन् सरकार नुसती तिजोरी भरतंय.

आधी तो 'व्यसनी माणूस' घ्या. अहो, वीस वर्षं ओढणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला हे लागू होईल, पण पंधरा-सोळाचं पोरगं अजून व्यसनी कुठे झालंय, ते तर शिकतंय! इथे भंवरकुआंला कोचिंग सुटल्यावर गुमटीपाशी, म्हणजे पानटपरीपाशी, उभे राहा जरा. दोरीला लटकवलेला लायटर, तिघांत मिळून एक सिगरेट, अन् काल पैसे कोणी दिले यावर भांडण. रिचार्ज, पेट्रोल, पोहे-जिलबी सगळं त्याच खिशातून, मग एकीमागे दोन रुपये वाढले तरी त्यांना टोचतात. किंमत वाढली की मोठ्यांपेक्षा पोरं जास्त कमी करतात, हे वर्ल्ड बँक कधीपासून सांगतेय. उलटा प्रयोगही झालाय, कॅनडाने 1994 मध्ये स्मगलिंग थांबवायला टॅक्स घटवला तर तिथे पोरांचं ओढणं वाढलं.

आपल्याकडे 13 ते 15 वयाच्या शाळकरी पोरांत तंबाखू वापरणारे 2009 मध्ये 14.6 टक्के होते, 2019 मध्ये 8.5. सगळं टॅक्सनेच झालं असं मी म्हणत नाही हं, पण 'काही फरक पडत नाही' म्हणणाऱ्याने हे आकडे तरी बघावेत.

आता बीडी. हे खरंय, पण हा दोष टॅक्सचा नाही, अर्धवट टॅक्सचा आहे. 2017 ला जीएसटी आला तेव्हा सिगरेटवर 28 टक्के अन् वर सेस म्हणजे जादा कर, बीडीवर नुसते 28. सप्टेंबर 2025 मध्ये तर जीएसटी कौन्सिलने बीडी 18 वर आणायचं ठरवलं! बीडी ज्यात वळतात तो तेंदूपत्ता आपल्याच एमपीतून सगळ्यात जास्त निघतो, तोडणाऱ्यांचं पोट त्यावर, त्यामुळे या विषयावर तोंड उघडायला कोणी तयार नाही.

तिजोरीचं म्हणाल तर भरू दे की.

फॉरवर्डवाल्याला खरं सापडायला हवं होतं ते भोक म्हणजे खुल्ली सिगरेट. पाकीट घ्यायचं तर शंभर-दोनशेची नोट लागते, एक घ्यायची तर चिल्लर पुरते, टॅक्सचा अर्धा जोर तिथेच संपला. महाराष्ट्राने 2020 मध्ये अशी एकेक सिगरेट विकणं बंद केलं. इथे शाळेपासून 100 यार्डात तंबाखू विकायला बंदी 2003 च्या कायद्यातच आहे, भिंतीवर तसा बोर्डपण रंगवलाय, अन् गुमटी बरोब्बर त्या बोर्डाला टेकून.