‘याला काढा’च्या आधीचा प्रश्न

घरच्या मैदानावर कसोटी मालिका हरलो की माझ्या मामेभावाचा पुण्याहून फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘दादा, याला आता काढायलाच हवा.’ २०२४ मध्ये न्यूझीलंडने बंगळुरू, पुणे आणि वानखेडे अशा तिन्ही कसोट्या जिंकल्या, तेव्हा रोहित आणि विराटची नावं होती. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि इथल्या ‘किंग्ज’ या बास्केटबॉल संघाचा चाहता आहे. हरल्यावर ‘याला विका, त्याला हाकला’ इथेही चालतं. पण त्याच्या आधी इथे एक प्रश्न विचारला जातो, ‘भोक नेमकं कुठे पडलं?’, आणि तो आपल्याकडेही विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

३० एप्रिल २०२३. सोळा मोसम प्लेऑफबाहेर, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांबाहेर काढलेले किंग्ज अखेर तिथे पोहोचले होते, आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धची मालिका ३-३ अशी होती. (किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे भारतातले पहिले सामने २०१९ मध्ये वरळीत झाले, तेव्हा त्यातला एक संघ हाच होता.) सातवा सामना आमच्याच मैदानावर होता. स्टेफ करीने ५० गुण केले. निर्णायक सातव्या सामन्यात इतके गुण तोवर कोणीच केले नव्हते. आम्ही १२०-१०० असे हरलो.

त्यानंतर आठवडाभर ऑफिसात जो वाद चालला, तो पिक अँड रोलच्या बचावावर. हा डाव तसा साधा. चेंडू करीकडे. त्याचा धिप्पाड साथीदार, केव्हन लूनी म्हणा किंवा ड्रेमंड ग्रीन, करीवर लक्ष ठेवणाऱ्याच्या वाटेत छाती रोवून उभा राहतो; याला स्क्रीन म्हणतात. करी त्याला घासून निघतो, आणि तोच साथीदार गर्रकन वळून बास्केटकडे धावतो. बचाव करणाऱ्या उंच खेळाडूने आता काय करायचं? मागे थांबून बास्केट राखली, तर करीला तीन गुणांचा शॉट मोकळा. पुढे येऊन करीला अडवलं, तर मागचा भाग उघडा. दोघांनी आपापला माणूस बदलून घेतला, तर जडशा माणसाला करीसमोर एकट्याने नाचावं लागतं.

आमचा उंच खेळाडू डोमंटास सबोनिस. ताकदीचा, त्या मोसमापासून सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर उडालेला चेंडू) घेणारा; पण हात त्या उंचीच्या मानाने आखूड, आणि मागे थांबून शॉट अडवणं हा त्याचा पिंड नाही. म्हणून तो पुढे यायचा. तो पुढे आला की बास्केटखाली आमची बुटकी मंडळी उरायची. त्या सामन्यात लूनीने २१ रिबाउंड घेतले, त्याचं एक मोठं कारण माझ्या मते हेच.

‘सबोनिसला विका’ म्हणणारे होतेच. पण त्यांच्याशी भांडणारे विचारत होते, तिसरा माणूस कुठे होता? करीला अडवायला दोघे गेले, तर विरुद्ध कोपऱ्यातल्या तिसऱ्याने आत सरकून धावत येणाऱ्याला खांद्याने रोखायचं असतं आणि लगेच आपल्या माणसाकडे परतायचं असतं. ती धाव अर्धा सेकंद उशिरा निघाली की टीव्हीवर दोष सबोनिसचा दिसतो.

ही नजर कुठून येते ते मी माझ्या मुलीच्या सरावात पाहिलं. सहावीच्या मुली. एकीला चकवून दुसरीने बास्केट केली आणि सगळ्या चकलेल्या मुलीकडे बघायला लागल्या. कोच तिच्याकडे गेल्याच नाहीत. त्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या मुलीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, स्क्रीन येतेय हे तुला इथून दिसत होतं, तू ओरडली का नाहीस? मग तीच चाल पुन्हा, पुन्हा, प्रत्येक वेळी मोठ्याने आवाज देऊन.

हे आपल्याला परकं नाही. कबड्डीत कोपऱ्याने घोटा धरला आणि बाकीचे वेळेत आले नाहीत, तर मैदानाकडेला बसलेला म्हातारासुद्धा म्हणतो, साखळी तुटली. धरणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. तोच माणूस क्रिकेटकडे वळला की साखळी विसरतो.

पुढे जे झालं त्याने माझं मत पक्कं झालं. किंग्जने सबोनिसला विकलं नाही. पुढच्या मोसमात बचाव लीगच्या तळातून मधल्या क्रमांकांपर्यंत वर आला. कीऑन एलिस नावाचा सडपातळ गार्ड (बास्केटपासून लांब खेळणारा खेळाडू) पुढे आला, जो स्क्रीनमध्ये अडकत नाही, वाट काढून परत आपल्या माणसापाशी पोहोचतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याच वॉरियर्सना किंग्जने ११८-९४ असं हरवून बाहेर काढलं. करीच्या मागे एलिस, मध्ये तोच सबोनिस.

आणि आपण? रोहित-विराट २०२५ च्या मे महिन्यात कसोटीतून निवृत्त झाले. नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका आली. कोलकात्यात १२४ धावांचा पाठलाग करताना आपण ९३ वर आटोपलो, गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो. पुण्यात सँटनरने १३ बळी घेतले होते, इथे सायमन हार्मरने फिरवलं. नावं बदलली, फिरकीपुढचं भोक तिथेच राहिलं.

इथे सगळं शहाणपणाने चालतं असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या क्षणी, तीन गुणांचा शॉट मारणाऱ्याला फाउल करून, किंग्ज एका गुणाने हरले आणि दुसऱ्याच दिवशी कोच माइक ब्राउन यांना काढून टाकलं. बचाव ज्यांनी सावरला, त्यांनाच. मला तो निर्णय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. त्या मोसमात संघ ४०-४२ वर थांबला.

कोलकात्यानंतर मामेभावाने फोनवर गंभीरचं नाव घेतलं. मी त्याला म्हटलं, खेळपट्टी आम्हाला हवी तशीच होती असं गंभीर स्वतः म्हणाला, तर त्यावर बोल. पहिल्या दिवसापासून चेंडू वळला की समोरचा साधा फिरकीपटूही आपल्या जडेजाच्या बरोबरीला येतो, मग आपण ती का मागतो? आपले फलंदाज रणजीत अशा खेळपट्टीवर वर्षाला किती डाव खेळतात? तासभर बोललो. काढायचं कोणाला हा विषय त्या तासात निघालाच नाही.