खुलासा : दाखल्यावरचे टक्के म्हणजे भरपाईचे टक्के नव्हेत

साकीनाका-कुर्ल्याच्या वर्कशॉप कामगारांमध्ये सध्या मेसेज फिरतोय: ‘अपंगत्वाच्या दाखल्यावर जितके टक्के, तितकीच भरपाई. भांडून उपयोग नाही.’ हे साफ चुकीचं आहे.

दाखला शरीराची हानी मोजतो. कामावर इजा झालेल्यांना भरपाई देणारा कायदा बघतो कमाईची क्षमता किती गेली ते. आधी हा कर्मचारी भरपाई कायदा, 1923 होता; नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराला 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे कोणत्या इजेला किती टक्के या यादीप्रमाणे, कमी टक्के बसत होते. भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांनी 100 टक्के धरले आणि 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. एका हाताने रंधा मारणार कसा?

म्हणून दाखला दाखवून कुणी तडजोडीवर सही मागितली, तर घाईने करू नका. आपण मशीनवर नेमकं काय काम करत होतो, ते डॉक्टरांना आणि भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना तपशीलवार सांगा.