ग्लासातला बर्फ आणि अंटार्क्टिका: त्या मेसेजमधून काय सुटलं

अंटार्क्टिकात मोठा हिमनग सुटल्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ग्लासातला बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही. अंटार्क्टिकाच्या कडेचा बर्फ आधीच समुद्रात तरंगतोय, मग तो तुटला काय नि वितळला काय, समुद्र वाढणार नाही. हिमनग तर कायमच सुटतात. आणि उणे ५० अंशांत बर्फ वितळेलच कसा? यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते चटकन पटतं. एकेक मुद्दा घेऊ.

"ग्लासातलं पाणी वाढत नाही"

गोड्या पाण्यात नाही वाढत. समुद्र मात्र खारा आहे. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, ते उंच, अरुंद ग्लासात ओता, साध्या पाण्याच्या बर्फाचे १०० ग्रॅम खडे सोडा आणि पातळीवर खूण करा. खडे तळाला टेकता कामा नयेत, नाहीतर हिशेब चुकतो. हा बर्फ आपल्या वजनाइतकं, म्हणजे सुमारे ९७.४ मिलिलिटर खारं पाणी बाजूला सारतो. वितळल्यावर त्याचं १०० मिलिलिटर गोडं पाणी होतं. सात सेंटिमीटर व्यासाच्या ग्लासात हा फरक पाऊण मिलिमीटरही भरत नाही. जगातला सगळा तरंगता बर्फ वितळला तरी या कारणाने समुद्र जेमतेम ४ सेंटिमीटर चढेल. इथवर मेसेज जवळजवळ बरोबर आहे.

आता त्याच ग्लासावर चहाची गाळणी ठेवा आणि तिच्यात आणखी खडे घाला. हा जमिनीवरचा बर्फ. गाळणीतला खडा पाण्यात पडला की पातळी त्याच क्षणी चढते, तो वितळेपर्यंत थांबत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ही गाळणी धरलेलीच नाही. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर समुद्र सुमारे ५८ मीटर चढवू शकेल इतका बर्फ आहे, आणि तो हळूहळू किनाऱ्याकडे सरकत असतो.

"तरंगता बर्फ तुटला तर काय बिघडतं?"

खरी गफलत इथे आहे. हिमनदी समुद्रात उतरताना एका रेषेपाशी तळ सोडते आणि तरंगू लागते. या रेषेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात आणि तिच्या पुढची शेकडो मीटर जाडीची लादी म्हणजे आइस शेल्फ. ही लादी दोन्ही बाजूंनी खाडीच्या काठांना घासते, कुठे समुद्रतळाचा उंचवटा तिच्या पोटाला टेकतो. या घर्षणामुळे ती मागून येणाऱ्या हिमनदीला थोपवून धरते. गाळणीतला बर्फ पाण्यात पडू न देणारा हात म्हणजे ही लादी.

तो हात काढला की काय होतं, हे २००२ मध्ये दिसलं. ३१ जानेवारीपासून, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, सुमारे पाच आठवड्यांत लार्सन बी या शेल्फचा ३,२५० चौरस किलोमीटर भाग, म्हणजे पाच मुंबयांहून जास्त, फुटून गेला. त्याच्या मागच्या हिमनद्या भराभर वेगावल्या. त्यांपैकी हेक्टोरिया या हिमनदीच्या खालच्या भागाचा वेग आठपटीपर्यंत गेला. शेजारीच फ्लास्क आणि लेपार्ड या हिमनद्या आहेत. त्यांच्यापुढचा, स्कार इनलेटमधला शेल्फचा तुकडा टिकला होता, आणि त्या काळात त्यांचा वेग फारसा बदलला नाही. हवा तीच, उन्हाळा तोच. फरक फक्त पुढच्या लादीचा. याहून स्वच्छ पुरावा निसर्ग क्वचितच देतो.

"हिमनग कायमच सुटतात"

खरं आहे, आणि हे ठामपणे सांगायला हवं. अंटार्क्टिकाचे शेल्फ ढोबळमानाने निम्मा बर्फ हिमनगांतून गमावतात, निम्मा खालून वितळून. भेग वर्षानुवर्षं वाढते, आरपार जाते, तुकडा सुटतो, मागून बर्फ येत राहतो. ए-२३ए हा हिमनग १९८६ मध्ये सुटला आणि वेडेल समुद्राच्या तळाला टेकून तीसहून जास्त वर्षं तिथेच बसला. ए-६८ (२०१७) सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा होता, तरी ज्या शेल्फपासून तो सुटला त्या लार्सन सीला त्याचा मोठा फटका बसला नाही, कारण सुटलेला बर्फ फारसं काही थोपवत नव्हता.

लार्सन बीचं फुटणं वेगळ्या जातीचं. उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर दोन हजारांहून जास्त तळी साचली होती. कोरडी भेग काही दहा मीटरवर अडते, कारण खोलात बर्फाचा दाब तिला मिटवतो. पण पाणी बर्फापेक्षा जड: घनमीटरला १,००० किलो, बर्फ ९१७. भेग पाण्याने भरलेली राहिली तर पाण्याचा दाब जिंकतो आणि ती तळापर्यंत उतरते. एक तळं रिकामं झालं की त्याखालची लादी वर उचलली जाते, वाकते, आणि शेजारच्या तळ्यांखाली नव्या भेगा पडतात. आता बर्फाच्या अरुंद पट्ट्या सुटतात. पट्टीची रुंदी जाडीच्या सुमारे पाऊणपटीहून कमी असेल तर ती उभी तरंगूच शकत नाही. आडवी कलंडते, जास्त जागा घेते आणि शेजारच्या पट्ट्यांना ढकलते. म्हणून लार्सन बीच्या जागी एक मोठा हिमनग न दिसता निळसर चुरा पसरलेला दिसला.

"उणे ५० अंशांत बर्फ वितळेल कसा?"

उणे ५० हे आतल्या पठारावरचं तापमान. शेल्फच्या पोटाला लागतं ते समुद्राचं पाणी. त्याचा गोठणबिंदू पृष्ठभागावर साधारण उणे १.९ अंश असतो आणि दर हजार मीटर खोलीला सुमारे पाऊण अंशाने उतरतो. पाइन आयलंड आणि थ्वेट्स हिमनद्यांखाली शून्याच्या वरचं खोल पाणी पोहोचतं, म्हणजे त्या खोलीवरच्या बर्फाला ते तीनेक अंश गरम. थ्वेट्सचा तळ समुद्रसपाटीखाली आहे आणि आत जाताना आणखी खोल होतो. ग्राउंडिंग लाइन मागे सरकली की तिथे जास्त जाड बर्फ सुटा होतो आणि प्रवाह वाढतो. एकट्या थ्वेट्समध्ये समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढवण्याइतका बर्फ आहे. शिवाय तिथला बर्फ घटला की त्याची पाण्याला ओढही घटते, आणि ते पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे जास्त येतं. मुंबई-कोकण त्या दूरच्या बाजूला आहे.

पुढच्या बातमीत हिमनगाचं क्षेत्रफळ वाचाल तेव्हा आधी शोधा की सुटलेला तुकडा काठाला किंवा तळाच्या उंचवट्याला टेकलेला होता का, आणि नंतरच्या महिन्यांत मागच्या हिमनदीचा वेग किती झाला.