पुतळ्याची उंची आणि शिल्पकाराची घडण

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, अनावरणाला नऊ महिने होण्याआधीच, कोसळला. तेव्हापासून पुतळ्यांविषयीची मराठी चर्चा मी ओस्लोत बसून वाचत आलो आहे. वाऱ्याचा वेग, वेल्डिंग, गंज, राजकीय जबाबदारी यांवर भरपूर लिहिले गेले. पुढच्याच वर्षी तेथे आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला आणि चर्चा उंचीच्या आकड्यावर आली. असे काम पेलणारा शिल्पकार कसा तयार होतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. माझ्या मते खरे दुखणे तेथेच आहे.

ओस्लो नगरपालिकेने १९२१ साली गुस्ताव व्हिगेलान या शिल्पकाराशी करार केला. शहराने त्याला कार्यशाळा आणि राहते घर बांधून द्यायचे, आणि त्याने आपली शिल्पे शहराच्या हवाली करायची, असा तो व्यवहार होता. ती कार्यशाळा आज संग्रहालय आहे. जवळच्या उद्यानात १२१ मानवी आकृत्या एकमेकींत गुंफलेला ग्रॅनाइटचा एकसंध स्तंभ उभा आहे, आणि त्याचा मूळ प्लास्टरचा नमुना संग्रहालयात तीन भागांत मांडलेला आहे. स्तंभ दगडात उतरवायला तीन पाथरवटांना सुमारे चौदा वर्षे लागली. उद्यानात मान वर करून पाहावे लागणारे चेहरे संग्रहालयात डोळ्यांसमोर येतात आणि हाताने मळलेल्या मातीचा उंचसखलपणा प्लास्टरमध्येही ओळखू येतो. शाळकरी मुले हे पाहत मोठी होतात. शिल्पाला वेळ लागतो, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही ओस्लोचा कित्ता जसाच्या तसा गिरवावा, असे मी म्हणणार नाही. एकाच कलावंताला एवढी जागा आणि एवढा पैसा द्यावा का, यावर नॉर्वेतही टीका झाली आहे. शिवाय व्हिगेलानच्या आकृत्या निनावी आहेत. त्यांना कोणी हार घालत नाही, त्यांची जयंती साजरी होत नाही. आपल्याकडे पुतळ्याशी लोकांची श्रद्धा आणि अस्मिता जोडलेली असते, म्हणूनच तो घडवणाऱ्याची जबाबदारी नॉर्वेतल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

आणि आदर्श शोधायला नॉर्वेपर्यंत यायचीही गरज नाही. अलिबागजवळच्या सासवन्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घरात वाढले. त्यांचे हस्तकौशल्य ऑटो रॉथफिल्ड या अधिकाऱ्याच्या नजरेस पडले आणि त्याच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे युरोपीय वास्तववादी पद्धतीचे शिक्षण, मग कलकत्त्यात व्यवसाय, १९२० नंतर लंडनच्या रॉयल अकॅडमीत अभ्यास, आणि एवढी तयारी झाल्यावर पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. माझगाव गोदीत एकसंध ओतलेला हा ब्राँझचा पुतळा १९२८ पासून उभा आहे. मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते ते त्यांचे नंतरचे काम. परदेशी शिक्षण घेऊन आलेल्या या शिल्पकाराने सिमेंटसारखे साधे माध्यम हाती घेतले आणि त्यातून म्हैस, हमाल, कोळीण अशी आसपासची माणसे व जनावरे घडवली. मातीची घरची जाण आणि अकादमीने शिकवलेली शरीररचना या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामात एकत्र नांदतात. एकीमुळे दुसरी झाकली गेली, असे कोठेही होत नाही.

सासवन्यातील त्यांच्या घराचे आज संग्रहालय झाले आहे. अलिबागला समुद्रावर जाणाऱ्या सहलींपैकी किती तेथे थांबतात, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे. महाराष्ट्रात यापुढे मोठ्या पुतळ्याचे काम देताना शिल्पकाराने आधी काय घडवले आहे ते जाहीर करावे, मातीचा पूर्णाकृती नमुना ओतकामापूर्वी लोकांना आणि जाणकारांना पाहू द्यावा, आणि अनावरणाची तारीख शिल्पकार व ओतकाम करणारे कारागीर यांनी काम पूर्ण झाल्याचे सांगितल्यावरच ठरवावी. पुतळ्याच्या खर्चाच्या मानाने यासाठी लागणारा पैसा नगण्य आहे. प्लास्टरचे मूळ नमुनेही मोडून न टाकता जिल्ह्याच्या ठिकाणी जपले, तर मूर्तिकारांच्या घरांतील आजच्या मुलामुलींना ते जवळून पाहता येतील.