पास्त्याच्या त्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

पास्त्याबद्दलचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पास्ता मूळचा चीनचा, मार्को पोलोने तो इटलीत नेला. तो मैद्याचा असतो. शिजवताना पाण्यात तेल घालावं आणि नंतर थंड पाण्याखाली धुवावा. क्रीम आणि चीजशिवाय तो होत नाही. इटालियन जेवणात कडधान्यं नसतात, म्हणून आपल्या रोजच्या जेवणात त्याला जागा नाही.

मी घरी आठवड्यातून एकदा तरी इटालियन काहीतरी करते. हा मेसेज वाचून दोन मैत्रिणींनी पास्ता करणंच सोडलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मार्को पोलोचं आधी उरकते. व्हेनिसचा हा प्रवासी चीनहून घरी परतला १२९५ मध्ये. त्याआधी, १२७९ मध्ये, इटलीतल्याच जिनोव्हा शहरातल्या एका माणसाच्या मालमत्तेची यादी झाली, तिच्यात मॅकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद आहे. त्याहून मागे जायचं तर ११५४ मध्ये अल्-इद्रीसी या भूगोलकाराने सिसिलीतल्या पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचं वर्णन केलं. तिथे ‘इत्रिय्या’ नावाच्या कणकेच्या शेवया मोठ्या प्रमाणावर होत आणि जहाजांत भरून दूरवर जात. चीनच्या नूडल्स फार प्राचीन आहेत हे खरं, पण इटलीला त्या पोलोने दिल्या ही गोष्ट पसरली ती १९२९ मध्ये अमेरिकेतल्या पास्ता उत्पादकांच्या एका मासिकातून. ‘इत्रिय्या’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

‘पास्ता म्हणजे मैदा.’ इटलीत बनून तिथेच विकला जाणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असा तिथे १९६७ पासून कायदा आहे. हा गहू आपल्याला परका नाही. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच, आणि उपम्यासाठी आपण आणतो तो पिवळसर बन्सी रवा त्याचाच. दाणा कडक, प्रथिनं जास्त, म्हणून पास्ता शिजला तरी चावताना किंचित टणक राहतो. आपल्याकडे काही स्वस्त पाकिटांत मैदा असतो हे मात्र खरं, तेव्हा पाकिटामागे ‘ड्युरम’ लिहिलंय का ते बघून घ्या. उत्तर इटलीतल्या बोलोन्याकडचा अंडी घालून मळलेला ताजा पास्ता मऊ गव्हाच्या बारीक पिठाचा असतो, तो आपल्या मैद्याच्या जवळ जातो, हेही मान्य.

आता तेल. हा सल्ला सर्वांत जास्त पाळला जातो आणि पास्ता सर्वांत जास्त बिघडवतो. तेल पाण्यावर तरंगतं, आत बुडलेल्या पास्त्याला त्याचा काही उपयोग नाही. गोळा होऊ नये यासाठी भरपूर पाणी हवं, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण १ लिटर, आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहायला हवं. मीठ लिटरला १० ग्रॅमच्या आसपास, पाणी उकळल्यावर. धुण्याने तर पास्त्यावरचा स्टार्च निघून जातो आणि सॉस त्याला धरतच नाही. थंड सॅलड करायचं असेल तर धुतलेलं चालेल, एरवी नको. उलट पास्ता शिजलेलं ते गढूळ पाणी वाटीभर काढून ठेवा. लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुक्या मिरचीची नेपल्सची स्पगेटी करताना लसूण मंद आचेवर जेमतेम सोनेरी होऊ द्यायचा, मग स्पगेटी मिनिटभर आधीच उचलून कढईत टाकायची आणि ते पाणी पळीपळीने घालत जोरात हलवायचं. पाणी आणि तेल मिळून येतं आणि दुधाळ, चकचकीत रस तयार होतो. तो पहिल्यांदा जमला तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

क्रीमचं काय? ज्या अल्फ्रेदोच्या नावाने इथे क्रीमचा पास्ता मिळतो, तो रोममधल्या अल्फ्रेदो दी लेलिओचा पदार्थ होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात फक्त लोणी आणि पार्मेझान चीज. रोमच्याच ‘काचो ए पेपे’त चीज आणि मिरपूड, बस्स. आणि दक्षिणेतल्या गरीब घरांत चीजही परवडत नसे, तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस भाजून वरून घालत. आजही घालतात. शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी: अस्सल पार्मेझान आणि पेकोरिनो रोमानो या चीजमध्ये वासराचं किंवा कोकराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं त्यांच्या जठरातलं द्रव्य, असतं. पावाच्या चुऱ्यात तो प्रश्नच नाही.

राहिला कडधान्यांचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागला. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी होरेस लिहून गेला आहे की संध्याकाळी मी घरी परततो ते लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी), चणे आणि ‘लागानुम’ या कणकेच्या पदार्थाच्या ताटाकडे. तस्कनीत पांढऱ्या घेवड्याशिवाय पान हलत नाही. पालेर्मोच्या रस्त्यावर ‘पानेल्ले’ मिळतात: चण्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवायचं, थापायचं, कापून तळायचं. सुरळीच्या वड्या करणाऱ्या बाईला ते पीठ कधी उतरवायचं हे सांगावं लागणार नाही. (तिकडचं पीठ पांढऱ्या छोल्यांचं, आपलं हरभऱ्याच्या डाळीचं, त्यामुळे चव थोडी वेगळी लागते.)

आणि दक्षिण इटलीत, पुल्या प्रांतातल्या सालेन्तो भागात ‘चिचेरी ए त्रिया’ करतात. चिचेरी म्हणजे चणे, आणि ‘त्रिया’ हा शब्द त्या ‘इत्रिय्या’वरूनच आलेला. वरणफळं खाऊन वाढलेल्या माणसाला हा पदार्थ ओळखीचा वाटेल. छोले रात्री भिजवून कुकरला मऊ करा, पाणी टाकू नका. बन्सी रव्याचं बारीक पीठ नुसत्या पाण्यात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा, लाटा आणि बोटभर रुंद पट्ट्या कापा. पातेल्यात ऑलिव्ह तेलात कांदा आणि लसूण परता, छोले त्यांच्या पाण्यासकट घाला, डावभर छोले ठेचा म्हणजे रस दाटेल. दोन तृतीयांश पट्ट्या त्यातच शिजू द्या. उरलेल्या पट्ट्या तेलात तांबूस तळून वाढताना वर घाला, निम्म्या कुरकुरीत राहतील, निम्म्या रसात भिजतील.