कुंडीतली रोपं हवा शुद्ध करतात? मेसेजबद्दल खुलासा

‘खोलीत स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवा, प्रदूषण नाहीसं होतं, हे नासानं सिद्ध केलंय’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे.

नासाचा प्रयोग खरा, 1989 सालचा. पण तो झाला छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये, आणि मोजले गेले बेंझिनसारखे वायू. आपली खोली हवाबंद नसते. दारं-खिडक्यांतून जेवढी हवा आपोआप बदलते, तेवढं काम करायला दर चौरस मीटरला किमान 10 रोपं लागतील, असं 2019 मधल्या एका आढाव्यात दिसलं. अनेक वायूंसाठी तर याच्या कितीतरी पट!

पान ओल्या फडक्यानं पुसलं की काळा थर निघतो. तो बघून मेसेज पटतो, हे मी समजू शकते. पण ती बसलेली धूळ. फुफ्फुसात खोल जाऊन रक्तातही उतरतात ते 2.5 मायक्रॉनहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या भागाएवढे. हृदयविकार, पक्षाघात, दमा यांचा धोका त्यांनी वाढतो.

रोपं जरूर लावा. मात्र घरात दम्याचा रुग्ण असेल तर कृपया रोपांच्या भरवशावर राहू नका. खोलीच्या मापाचा हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारी गाळणी), बाहेर धूर दाटलेला असताना बंद खिडक्या, बाहेर पडताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क, यांचा खरा उपयोग होतो.