खुलासा : प्रथिनांमुळे हाडांतील कॅल्शियम निघून जाते काय?
प्रथिने जास्त खाल्ल्यास रक्त आम्लयुक्त होते आणि ते सावरण्यासाठी शरीर हाडांतील कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकते, असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील एक निरीक्षण खरे आहे. प्रथिने वाढवली की लघवीतील कॅल्शियम वाढते. मात्र ते हाडांतून येते, हा निष्कर्ष टिकत नाही, कारण कॅल्शियमच्या समस्थानिकांचा (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या, ओळखता येणाऱ्या अणूंचा) माग काढणाऱ्या अभ्यासांत असे दिसले की प्रथिनांबरोबर आतड्यातील कॅल्शियमचे शोषणही वाढते आणि लघवीतील वाढ बहुतांशी तेथून येते. शिवाय हाडाच्या घनफळाचा सुमारे निम्मा भाग प्रथिनांचा, मुख्यतः कोलॅजेनचा असतो. ही बाब संदेशात नाही, आणि मला तेच सर्वांत घातक वाटते, कारण तो वाचून वृद्ध माणसे गरजेची प्रथिनेही कमी करू शकतात.

आहारातील कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व दीर्घकाळ अपुरे पडले, तर मात्र पॅराथायरॉइड संप्रेरक (मानेतील छोट्या ग्रंथींतून स्रवणारे, कॅल्शियमचे नियमन करणारे संप्रेरक) वाढते आणि रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी हाडांतील कॅल्शियम खरोखर वापरले जाते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.